मन्मथप्पा आणि बिनक्लचची गाडी

मन्मथप्पांसमोर 'बहुतेक' म्हणायची सोय नव्हती.

साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून रुजू झालो त्या पहिल्याच आठवड्यात मला हे कळलं. रसाच्या टाकीजवळचा एक पंप खडखडत होता. निळ्या पोशाखातला, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेला एक ठेंगणा माणूस लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवून, त्याची मूठ कानाला लावून उभा होता. मी नवा होतो, अंगात उत्साह होता. म्हणालो, "बहुतेक बेअरिंग गेलंय."

त्यांनी कानापासून मूठ काढली नाही.

"बहुतेक म्हंजी? गेलंय का न्हाई गेलं?"

"गेलं असावं."

"मंग असावं तवर ऱ्हाऊ द्या."

पाच मिनिटांनी त्यांनी पंपाच्या बुडाचा एक सैल नट आवळला. खडखड थांबली. मला काही बोलले नाहीत, जिंकल्यासारखं बघितलंही नाही. स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला आणि निघून गेले. मला वाटलं, माणूस तुसडा आहे. पुढे सात वर्षं त्यांच्यासोबत काढली, तेव्हा लक्षात आलं की तुसडेपणासाठी जेवढं बोलावं लागतं तेवढंही ते बोलत नसत.

ते मूळचे युसूफ वडगावचे. घरचं किराणा दुकान होतं, वाण्याचं म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध. भावांनी त्यांनाही गल्ल्यावर बसवून पाहिलं होतं. एकदा गिऱ्हाईक आलं, तुरीची डाळ हातात घेऊन विचारलं, "अप्पा, शिजंल ना चांगली?" अप्पा म्हणाले, "शिजवून बघितल्याबिगर कसं सांगू?" गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं. असं महिनाभर चाललं. मग थोरल्या भावानं स्वतः खटपट करून त्यांना कारखान्यात चिकटवलं. हे मला अप्पांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा होता, जणू भावाचं बरोबरच होतं.

कारखान्यात ते गिरणीचे फिटर झाले. ऊस पिळणारे जे मोठाले लोखंडी रोलर असतात, त्यांतला वरचा रोलर तेलाच्या दाबानं खाली रेटलेला असतो. दाब कमी झाला तर चिपाडात रस राहतो, जास्त झाला तर काहीतरी मोडतं. हा दाब सांभाळणं हे अप्पांचं काम. तीस वर्षं त्यांनी फक्त तेल, नळ्या, झडपा आणि काटे बघितले. राजकारण, संचालक मंडळ, चेअरमनच्या मुलाचं लग्न, यांतलं काही त्यांच्या बोलण्यात येत नसे. दाब किती आहे ते विचारलं तर सांगत.

एका हंगामात दोन नंबरच्या गिरणीचा रोलर हबकायला लागला. खाली बसे, उचले, बसे, उचले. पुण्याहून एक तज्ज्ञ आला. तीन दिवस त्यानं यंत्रावर यंत्र लावून तपासणी केली, नवा पंप बसवावा लागेल असं लिहून दिलं. तीनही दिवस अप्पा शेजारच्या लोखंडी पायरीवर सुपारी चघळत बसून होते. शेवटी कार्यकारी संचालकांनी वैतागून त्यांनाच विचारलं, "अप्पा, तुम्हाला काय वाटतं?"

"वाटायचं काय. नळीत वारं शिरलंय."

उठले, वरच्या नळीचा एक नट पाव फेरा सैल केला. फुस्स आवाज झाला, फेस आला, मग सरळ तेल आलं. नट आवळला. रोलर शहाण्यासारखा बसला.

संचालक म्हणाले, "अहो, तीन दिवस माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"त्यांना बोलावलं व्हतं, साहेब. मला कुठं बोलावलं?"

यात राग नव्हता. शपथेवर सांगतो, नव्हता. ज्याला बोलावलं त्यानं करावं, अशी त्यांची साधी रीत होती.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. मांजरा नदीत वाळू उरली. जो काही ऊस उभा होता तो लोकांनी तोडून चारा छावणीतल्या जनावरांना घातला. त्यात चूक काही नव्हती. सभासदांच्या जनावरांपुढे साखरेचं काय कौतुक. पण कारखान्याचं धुराडं थंड झालं. देखभालीसाठी म्हणून आम्हा दहाबारा जणांना ठेवलं. माझं काम रोज सकाळी प्रयोगशाळा उघडणं आणि नोंदवहीत 'नमुना उपलब्ध नाही' असा शेरा लिहिणं. ते मी वळणदार अक्षरात लिही.

अप्पांना मात्र उसंत नव्हती. दर सोमवारी ते साखळीची कप्पी अडकवून एकेक रोलर पाव फेरा फिरवत. दोघांना हाताशी घेऊन दिवस जाई. एकदा चेअरमन फेरफटका मारायला आले. सोबत दोन संचालक. बघतच राहिले.

"अप्पा, ऊस न्हाई, काई न्हाई, अन् हे कावून फिरवायलाव?"

"ऊस न्हाई म्हणून हातानं फिरवतो. असता तर वाफेनं फिरलं असतं."

संचालक हसले. अप्पा हसले नाहीत. एका अंगावर पडून राहिला तर दांडा वाकतो, बेअरिंगला घर म्हणजे खळगा पडतो, हे नंतर मला समजावून सांगितलं. चेअरमनना सांगितलं नाही, कारण त्यांनी 'कावून' विचारलं होतं आणि त्याचं उत्तर देऊन झालं होतं.

घरी गोदाकाकू होत्या. त्यांचं म्हणणं असं की नवरा गावाचा आहे. "गिरणीचे नळ नीट हायती, मोरीतला नळ मातूर चार वर्षं गळायला. आता गळत न्हाई. पाणीच येत न्हाई तर गळंल काय?"

अप्पा भाकरी मोडत म्हणाले, "झाला न्हवं दुरुस्त?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी पिठल्याकडे बघितलं.

टँकर आठवड्याला एकदा यायचा. त्या दिवसांत अप्पा तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकत. पण लिंगपूजेआधी हात धुण्याचं पाणी त्यांनी कमी केलं नाही. रॉकेलनं तेलकटपणा काढायचा, मग राखेनं घासायचे, मग पाणी. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन बसले की अर्धा तास कुणाशी बोलत नसत. काकू म्हणत, "तसं बी कुठं बोलतेत?"

डॉक्टरबाईंची गाडी त्याच उन्हाळ्यात आमच्या आयुष्यात आली.

डॉ. सुनंदा या केजमध्ये दवाखाना चालवत. शिक्षण अंबाजोगाईला झालेलं. लहानपणीच्या पोलिओनं त्यांचा डावा पाय बारीक राहिला होता, त्याला लोखंडी पट्ट्यांचा बूट. आठवड्यातून दोन दिवस त्या छावण्यांवर जात. छावणीत जनावरांसोबत माणसंही राहत होती, त्यांत गरोदर बायका होत्या, तान्ही लेकरं होती. जनावरांचा डॉक्टर सरकार पाठवत असे. माणसांसाठी या स्वतःहून जात. जायला त्यांच्याकडे एक जुनी पांढरी मोटार होती, मुंबईच्या कुणा निवृत्त साहेबाकडून घेतलेली. ऑटोमॅटिक. क्लचच नाही, त्यामुळे डाव्या पायाला काम नाही. गिअर आपले आपण बदलणार. तालुक्यात तेव्हा तशी दुसरी गाडी मी पाहिली नाही.

मी पित्तासाठी त्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. बाई दोन तास उशिरा आल्या, वडापच्या जीपमधून. जीपची मागची पायरी उंच असते. दोन बायकांनी त्यांना काखेत धरून उतरवलं. त्या आत येऊन बसल्या, घाम पुसला आणि मला म्हणाल्या, "जीभ दाखवा."

जीभ आत घेतल्यावर मी गाडीचं विचारलं.

"गाडी दारात आहे. सकाळी गार असते तेव्हा घोड्यासारखी पळते. वीसेक मिनिटं झाली की गिअर अडकतो, इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी ओढत नाही. थांबून राहिलं की परत चालते. दोघा मेकॅनिकना दाखवली. एक म्हणतो अख्खा गिअरबॉक्स बदला, पण तो मिळत नाही. दुसरा म्हणतो साधा गिअरबॉक्स घालून क्लच बसवून देतो."

"मग?"

"मी म्हटलं, पाय पण बसवून देणार का?"

तीन आठवडे त्या छावणीवर गेल्या नव्हत्या. हे त्यांनी औषधाची चिठ्ठी लिहिता लिहिता सांगितलं, पण पेन तिथं थोडं थांबलं.

मी अप्पांकडे गेलो. "मला मोटारीतलं काई कळत न्हाई," ते म्हणाले, आणि रोलरला ग्रीस द्यायला लागले. मी म्हणालो, "ती गाडी गिअर स्वतः बदलते म्हणे. तेलाच्या दाबावर."

ग्रीसचा हात थांबला.

"कोन म्हनलं?"

"गाडीच्या पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक हाय?"

पुस्तक इंग्रजीत होतं. तीन दुपारी मी ते दवाखान्याच्या ओट्यावर बसून अप्पांना वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत. मध्येच बोट वर करत, म्हणजे परत वाचा. तिसऱ्या दिवशी तेल तपासण्याच्या भागात त्यांचं बोट वर गेलं आणि वरच राहिलं. तिथं लिहिलं होतं की गिअरबॉक्सचं तेल गाडी तापलेली आणि इंजिन चालू असताना मोजावं.

"त्या मेकॅनिकनी कसं मोजलं व्हतं, बाई?"

डॉक्टरबाई आठवून म्हणाल्या, "बंद असताना. गाडी इथंच उभी होती."

"बंद असल्यावर तेल खाली उतरतं. कमी असलं तरी जास्त दिसणार." त्यांनी इंजिन चालू करायला लावलं, पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, काढली. तेल खुणेच्या बोटभर खाली होतं. त्यांनी ते थेंबभर कागदावर घेतलं, रंग बघितला, वास घेतला. पुस्तकात सांगितलेलं लाल तेल लातूरहून मागवलं, भरलं. डॉक्टरबाई अर्धा तास गाडी फिरवून आल्या. एकदाही अडकली नाही.

"झालं," अप्पा म्हणाले.

झालं नव्हतं. पाचव्या दिवशी भर दुपारी, छावणीवरून परत येताना दोन कोसांवर, गाडी पुन्हा ओरडायला लागली. सावलीला झाड नव्हतं. गाडीत बाईंसोबत एक आठव्या महिन्यातली बाई होती, तिला अंबाजोगाईच्या दवाखान्यात दाखवायला न्यायची होती. पाणी होतं ते बाईंनी तिला पाजलं. पाऊण तासानं एक दुधाचा टेम्पो आला, त्यात त्या बाईला बसवून पाठवलं. तिचं पुढं सगळं ठीक झालं. पण त्या पाऊण तासाबद्दल डॉक्टरबाई कधी गमतीनं बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात होतो. बाकांवर वीसपंचवीस माणसं. अप्पा सायकल लावून आत आले, चप्पल दाराशी काढली आणि सगळ्यांच्या मधोमध उभे राहिले.

"डॉक्टरबाई."

"या अप्पा, आत या."

"हितंच सांगतो. तेल कमी व्हतं, ते खरं. पण रोग तो नव्हता. मी तेवढं बघून 'झालं' म्हनलो. चूक माझी हाय."

एका म्हाताऱ्यानं शेजारच्याला विचारलं, "काय झालं त्यांला?" शेजारचा म्हणाला, "गॅस असंल."

डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्या, पट्ट्यांचा बूट सावरत दारापर्यंत आल्या. "अप्पा, माझ्याकडून पण होतं असं. ताप उतरतो, रोग राहतो."

"मंग तुमी काय करता?"

"पुन्हा पहिल्यापासून विचारते."

"मंग मला बी विचारू द्या."

आणि ते तिथंच, माणसांच्या गर्दीत, त्यांना विचारायला लागले. किती वेळ चालली. किती वेळ उभी केली. ऊन होतं का. चढ होता का. थांबायच्या आधी कसला आवाज. बाईंनी पेशंटच्या वहीत प्रत्येक वेळ लिहून ठेवली होती. वही काढून वाचली. चालली बावीस मिनिटं, उभी बारा. चालली वीस, उभी दहा. आवाजाबद्दल म्हणाल्या, आधी बारीक हुंकारते, मग ओरडते.

"हुंकारती," अप्पा म्हणाले. त्यांना तो शब्द आवडलेला दिसला.

त्यांना दाब बघायचा होता. त्यासाठी काटा हवा होता. कारखान्याच्या हवेच्या लाइनीवर एक बेताच्या दाबाचा काटा होता, पण तो कारखान्याचा. स्टोअरकीपर छावणीच्या कामाला गेलेला, स्टोअर बंद. अप्पांनी रीतसर मागणीची चिठ्ठी लिहिली: 'काटा एक नग, काम झाल्यावर परत.' सही केली, चिठ्ठी स्टोअरच्या दाराखालून आत सरकवली आणि काटा सोडवून घेतला. मी म्हणालो, "अप्पा, आत वाचायला कोणी नाही."

"आपून तर लिहिलं न्हवं."

गिअरबॉक्सच्या अंगाला दाब मोजायसाठी एक बोल्ट असतो, तो पुस्तकातल्या चित्रावरून सापडला. तिथं नळी जोडली, खिडकीतून आत घेतली. डॉक्टरबाई चालवायला. अप्पा शेजारी, मांडीवर काटा घेऊन, लेकरू घेतल्यासारखा. मी मागे वही घेऊन. केजच्या बाहेर पडलो.

"बोला," मी म्हणायचो.

"पाच."

दोन किलोमीटर. "पाच." पुढे, "पाच." अप्पा रस्त्याकडे बघतच नव्हते. युसूफ वडगावचा रस्ता निम्मा झाला आणि ते म्हणाले, "साडेचार." मग, "चार." मग काटा थरथरायला लागला. गाडीच्या पोटातून बारीक हुंकार आला. "तीन. दोन." इंजिन ओरडलं, गाडी जागच्या जागी थकली.

"बंद करा. आता कुणी बोलू नका."

आम्ही बाभळीच्या विरळ सावलीत दहा मिनिटं बसलो. अप्पांनी गाडीखाली हात घालून गिअरबॉक्सला बोट लावलं, चटकन ओढलं. मग म्हणाले, "चालू करा."

काटा सरळ पाचवर गेला.

"तेल अजून तापलेलंच हाय," अप्पा म्हणाले. "पंप झिजला असता, तेल पातळ झाल्यानं दाब गेला असता, तर तापलेलं असताना परत आला नसता. गिअरच्या आतल्या प्लेटा जळाल्या असत्या तर दहा मिनटं बसून बऱ्या झाल्या नसत्या. मंग परत कावून आला?"

आम्हाला विचारलं आहे की कसं, हे कळेना.

"विहिरीला पाणी कमी असलं म्हंजी काय व्हतं? फूटव्हॉल्वची जाळी गाळानं बुजती. मोटार हुंकारती, पाणी सोडती. मोटार बंद केली की गाळ जाळीवरनं खाली पडतो. परत चालू केली की पाणी येतं. घंटाभर येतं, परत बुजती." त्यांनी काटा अलगद पुसला. "ह्या डब्यात जाळी असणार. ती बुजायली."

मी पुस्तक काढलं. जाळी होती. पान एकशे बारा.

गाडी कारखान्याच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली. कारखाना सुरू असताना तिथं आठ माणसं असत, आता आम्ही तिघं आणि वॉचमन. डॉक्टरबाईंना स्टूल दिलं. अप्पांनी गिअरबॉक्सच्या तळाचा तवा सोडवला, तेल परातीत घेतलं, वर हात घालून जाळी काढली. बशीएवढी पत्र्याची जाळी. तिच्यावर राखाडी लव जमली होती, उंदराच्या अंगावर असते तशी, आणि तिच्यात गुंतलेले निळ्या रबराचे धागे.

डॉक्टरबाईंनी पर्समधून चिमटा काढला आणि एकेक धागा वर्तमानपत्रावर मांडला. मांडण्यात त्यांना आनंद होत होता, लपत नव्हता.

अप्पा माझ्याकडे वळले. "तुमी केमिस्ट. काय हाय हे?"

दोन वर्षांत पहिला नमुना माझ्यासमोर आला होता. मी जाळून बघितलं, ओढून बघितलं, वास घेतला. "लव म्हणजे पुसायच्या कापसाची. निळं आहे ते झाकण चिकटवायचं रबर. कुणीतरी आधी तवा उघडला, कापसानं पुसला आणि बसवताना रबर भरमसाट थापलं. जास्तीचं आत गळून पडलं."

"बहुतेक का?"

"नाही. आहेच."

अप्पांनी मान हलवली. माझ्या नोकरीतली ती एकमेव शाबासकी.

जाळी त्यांनी रॉकेलनं धुतली, मग पेट्रोलनं, मग फुंकून उजेडासमोर धरली. एक भोक बुजलेलं दिसलं की पुन्हा धुतली. कापूस जवळ येऊ दिला नाही. वॉचमननं मदत म्हणून फडकं पुढं केलं, तर अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर आवाज चढवला. "ते फडकं लांब ठिव बे!" तव्याखालची पॅकिंग नवी हवी होती, ती त्यांनी कारखान्याच्या पॅकिंगच्या पत्र्यातून कापली. तव्यावर पत्रा ठेवून कडेकडेनं छोट्या हातोडीनं टकटक करत गेले, तशी पॅकिंग तव्याच्याच आकाराची सुटून आली. रबर थापलं नाही. बोल्ट समोरासमोरचे घेऊन, थोडे थोडे करत आवळले.

या वेळी ते 'झालं' म्हणाले नाहीत. आम्ही भर दुपारी अंबाजोगाईपर्यंत जाऊन आलो, न थांबता. काटा मांडीवर. "पाच," अप्पा म्हणत राहिले, "पाच." घाटाच्या चढावर एकदा "सव्वापाच" म्हणाले तेव्हा डॉक्टरबाईंनी दचकून बघितलं. "चढाला वाढतोच. तुमी म्होरं बघा." परत केजला आल्यावर त्यांनी काटा सोडवला आणि खिशातून कारखान्याचं कामाचं कार्ड काढलं. त्यावर बाईंची सही घेतली. बाईंनी लिहिलं, 'काम समाधानकारक.' काटा संध्याकाळच्या आत हवेच्या लाइनीवर परत बसला. स्टोअरमधली चिठ्ठी मात्र आतच राहिली, म्हणून अप्पांनी दुसरी लिहून सरकवली: 'काटा परत केला.'

शुक्रवारी बाई छावणीवर गेल्या. मंगळवारी पुन्हा गेल्या. तो उन्हाळा संपेपर्यंत एकही फेरी चुकली नाही. अप्पा दर महिन्याला सायकलीवर दवाखान्यात येत, इंजिन चालू करायला लावत, पट्टी काढून बघत आणि जात. रुग्णांना वाटे, हा कसला तरी सरकारी माणूस आहे.

पुढच्या साली पाऊस झाला. कारखाना कुणी तरी चालवायला घेतला. गिरणी पहिल्या दिवशी विनातक्रार फिरली आणि नव्या लोकांनी यंत्रसामग्री चांगली असल्याबद्दल आधीच्या संचालक मंडळाचं अभिनंदन केलं. अप्पा वयात बसत नव्हते, त्यांना हार घालून निरोप दिला. मी सांगलीकडे नोकरी धरली. पत्रं लिहायची त्यांना सवय नव्हती, मला आळस होता.

चार वर्षांनी पुतण्याच्या प्रवेशासाठी अंबाजोगाईला चाललो होतो. केजला बस बदलायची होती, म्हणून रस्त्याकडेला चहाच्या गाड्यावर उभा होतो. बीडच्या बाजूनं वाहनांची एक रांग येताना दिसली. एस.टी., दोन जीप, एक ट्रॅक्टर, सगळे हॉर्न वाजवतायत. सगळ्यांच्या पुढं ती पांढरी मोटार, बैलगाडीच्या चालीनं. चालवणारा माणूस स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून, पाठ ताठ करून बसलेला. कपाळावर भस्म.

शेजारी डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मला ओळखलं आणि अप्पांना थांबायला सांगितलं. गाडी कडेला घेण्यात बराच वेळ गेला, तरी ती निम्मी रस्त्यावरच राहिली आणि मागची रांग खोळंबली. बाईंनी काच खाली केली.

"आता उजवा गुडघाही गेला हो," त्या म्हणाल्या. "दोन ड्रायव्हर ठेवून बघितले. चांगले अनुभवी. पण त्यांचा डावा पाय सवयीनं क्लच शोधतो आणि जोरात ब्रेकवर पडतो. दोनदा माझं कपाळ काचेवर आपटलं. म्हटलं, ज्याला काहीच येत नाही असा माणूस पाहिजे. अप्पांना काहीच येत नव्हतं. लायसनची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झाले."

"अप्पा," मी वाकून म्हणालो, "ओळखलं का?"

"वळखलं." नजर समोर होती, हात जागचे हलले नाहीत. हात आता बारीक झाले होते, कातडी सैल. "मागनं बोलू. आत्ता मी गाडी चालवायलोय."

गाडी उभी होती.

"उभी असली तरी ते चालवतच असतात," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मागनं बोलणं राहून गेलं. पुढच्याच हिवाळ्यात ते गेल्याचं बाईंनी फोनवर सांगितलं. त्या दिवशी मात्र मी काचेशी उभा राहून नुसता त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी खिडकीतून उजवा हात सरळ बाहेर काढला आणि मागचं सगळं जाऊ दिलं. एस.टी. गेली, जीपा गेल्या. ट्रॅक्टरवाला जाता जाता काहीतरी बोलला, तो गेला. रस्ता रिकामा झाला. लांबून एक सायकलवाला हळूहळू पायडल मारत येत होता. अप्पांनी त्यालाही जाऊ दिलं. मग गाडी हलली.